बॅटरी गाडी पंधरानेच चालवा: ले-आऊटमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

आमच्या ले-आऊटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीच्या, गेटमधून आत आलं की डावीकडे कडुनिंबाखाली एक पांढरी, बिनदाराची, सहा जणांची गाडी चार्जिंगला लावलेली दिसते. तिला इथे सगळे नुसतं 'बॅटरी' म्हणतात. "बॅटरी गेली का?" म्हणजे ती गाडी गेली का. शहरातले पाहुणे तिला गोल्फ कार्ट म्हणतात. आमच्या तालुक्यात गोल्फचं मैदान नाही, पण गेटपासून मागच्या रांगेपर्यंतचं अंतर गुडघे दुखणाऱ्या माणसाला मे महिन्याच्या उन्हात झेपत नाही, म्हणून वर्गणी काढून आम्ही ही जुनी गाडी घेतली. पाठोपाठ दोघा-तिघांनी स्वतःच्या घेतल्या. मग घरोघरी बॅटरीच्या स्कूटी आल्या, आणि गावातून ई-रिक्षाही येऊ लागल्या.

दरवर्षी चार-पाच नवी कुटुंबं राहायला येतात आणि पहिल्याच आठवड्यात तेच प्रश्न विचारतात. ताशी पंधरा किलोमीटरची पाटी कोणी लावली? ती पाळायलाच पाहिजे का? बॅटरीने फाट्यापर्यंत सोडून द्याल का? पोरगा चालवतो म्हणतो, देऊ का? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. मी या प्लॉटधारक समितीचं काम बघतो आणि या गाडीवरून एकदा चांगलाच धडा घेतलाय, तोही खाली येतो.

आधी रस्ता कोणाचा ते बघा

गाडी घेण्याआधी, पाटी रंगवण्याआधी, कोणाशी भांडण्याआधी हे काम करा. बाकीचं सगळं यावर ठरतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या दुसऱ्या कलमात 'मोटार वाहन' कशाला म्हणायचं ते दिलंय, आणि त्यातून कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास बनावटीच्या गाड्या वगळल्यात. आमची बॅटरी त्या वगळलेल्यांत बसते, पण कुंपणाच्या आत असेपर्यंतच. त्याच कलमात 'सार्वजनिक जागा' म्हणजे काय तेही आहे: जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे तो रस्ता, गल्ली, वाट, मग ती पुढे कुठे निघो वा न निघो. गेट बसवलं, चौकीदार ठेवला म्हणून रस्ता खासगी होत नाही. हक्क कोणाचा ते महत्त्वाचं.

म्हणून ग्रामपंचायतीत जा आणि विचारा की ले-आऊटचे अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालेत का. मंजूर नकाशाची प्रत मागा. आपल्याकडे अर्धे ले-आऊट असे आहेत की रस्ते कागदावर एकाचे, खड्डे बुजवायचे दुसऱ्याने, आणि दिव्याचं बिल तिसऱ्याच्या नावाने.

आमचं चित्र असं. मागच्या चार रांगा कुंपणात, तिथले रस्ते समितीच्या ताब्यात. पुढच्या भागातून शेतांकडे जाणारा जुना पांदण रस्ता जातो, त्यावर पलीकडच्या शेतकऱ्यांची वहिवाट आहे. गेटच्या बाहेर फाट्यापर्यंतचा रस्ता जिल्हा परिषदेचा. साधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. म्हणजे एका किलोमीटरच्या आत तीन मालक.

पांदण रस्त्यावरून नव्या लोकांचा हमखास खटका उडतो. "आमच्या ले-आऊटमधून ट्रॅक्टर कायले जाते?" असं एका नव्या प्लॉटधारकाने एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमचं कुंपण आत्ता आलं. हा पांधन रस्ता माह्या आज्याच्या आधीपासून हाय." त्यावर बोलायला काही उरलं नाही. त्या रस्त्यावर ट्रॅक्टर, बैलबंडी, गुरं आधी. आपली बॅटरी मागून.

आणि फाट्याचं उत्तरही इथेच मिळतं. बॅटरी फाट्यापर्यंत जात नाही. गेटबाहेर पडली की ती मोटार वाहन ठरते, आणि तिची नोंदणी नाही, विमा नाही. बिननोंदणीची गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवली तर पहिल्या वेळी दोन ते पाच हजार दंड. विमा नसेल तर दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे झालं कायद्याचं. खरी भीती वेगळी आहे: तिथे कोणाला धक्का लागला तर भरपाई घरातून द्यावी लागते, आणि ती रक्कम दंडासारखी छापील नसते. पावसात एस.टी. चुकत असली तरी चालत जा, किंवा ई-रिक्षा बोलवा.

मग गाडी कोणत्या जातीची ते

सगळ्या बॅटरीवरच्याच, पण कायद्याच्या डोळ्यांत वेगवेगळ्या.

दुचाकीत एक छोटी जात आहे. मोटार २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या वर नाही, ब्रेक आणि चमकणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या. एवढं सगळं जुळलं तर तिला मोटार वाहन धरत नाहीत. म्हणून नंबर प्लेट नाही, लायसन्स लागत नाही. आजूबाजूच्या घरांत पोरं चालवतात त्या बहुतेक याच नावाने विकलेल्या.

'नावाने विकलेल्या' असं मुद्दाम म्हणतोय. एखादा मेकॅनिक हजार-पाचशे घेऊन स्पीड लॉक काढून देतो आणि तीच स्कूटी चाळीस-पंचेचाळीसने धावते. लॉक निघालं त्या क्षणी सूट संपली. आता ती पूर्ण मोटारसायकल आहे, फक्त कागद नसलेली. आणि चालवणारा आठवीतला असेल तर प्रकरण थेट आई-बापापर्यंत जातं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे ऐकून एका आईने त्याच संध्याकाळी स्कूटी परत लॉक करून आणली. बाकीच्यांनी माझ्याकडे मी पोलीस असल्यासारखं पाहिलं.

ई-रिक्षा हा तिसरा प्रकार. तिला नोंदणी लागते, चालकाला लायसन्स लागतं, वेगाची कमाल मर्यादा २५, आणि चालक सोडून चार प्रवासी. बाजाराच्या दिवशी त्यात सात जण आणि भाजीची पोती दिसतात हे मलाही दिसतं. पण आपल्या आवारात शिरताना चौकीदाराने चार मोजायचे असं ठरलंय.

कोणाचा तरी मुलगा अमेरिकेत असतो आणि तिथला व्हिडिओ ग्रुपवर येतो: बघा, तिकडे लोक गोल्फ कार्टने बाजारात जातात. खरं आहे. जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटीत अशा गाड्यांसाठी दीडशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या वेगळ्या वाटा आहेत. आणि ताशी २० मैलांपेक्षा जोरात, २५ मैलांपर्यंत धावणारी गाडी तिथे १९९८ पासून निराळ्या वर्गात टाकलीय. तिला दिवे, आरसे, समोरची काच, सीटबेल्ट सक्तीचे. ती वाट आपल्याकडे नाही. आपल्याकडे एकाच बारा फुटी रस्त्यावर बॅटरी, बैलबंडी आणि सायकल शिकणारी पोरगी असते.

पंधराच का

हे जरा सविस्तर सांगतो, कारण "वीसने काय बिघडतं?" हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो.

समोर काही आडवं आलं की ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. मग गाडी थांबायला लागणारं अंतर. आमचे आतले रस्ते मुरूम आणि बारीक गिट्टीचे, चाक घसरतं. तसा रस्ता धरून हिशेब केला. १५ च्या वेगाला गाडी साडेसहा मीटरमध्ये थांबते. २५ ला १३ मीटर लागतात. ४० ला साडेसव्वीस. आपल्या प्लॉटची रुंदी तीस फूट, म्हणजे नऊ मीटर. पंधराने येणारी गाडी एका प्लॉटच्या आत थांबते. पंचवीसची पुढच्या घराच्या फाटकापर्यंत जाते, आणि चाळीसची तिसऱ्या प्लॉटच्या कडेला. फाटकातून चेंडूमागे पळत येणारं पोट्टं डोळ्यांसमोर आणा आणि मग आकडा ठरवा.

दुसरं कारण वळणाचं. या गाडीला दार नाही, बाजूला एक आखूड दांडी असते. वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. सहा मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे आमच्या पाण्याच्या टाकीजवळच्या वळणाएवढ्या, २० च्या वेगाला हा जोर अंगाच्या वजनाच्या निम्म्यावर जातो. २४ किलोच्या पोराला कोणी तरी १२ किलोचा जोर लावून बाहेर ओढतंय असं समजा. १० च्या वेगाला तोच जोर तीन किलोचा.

हे गणित मी नंतर केलं. आधी अनुभव आला. दिवाळीच्या सुट्टीत भाचीचा मुलगा आला होता, सात वर्षांचा. पुढच्या सीटवर बाहेरच्या बाजूला बसला, एका हातात सीताफळ. टाकीजवळ मी डावीकडे वळलो. वेग अठरा-वीस असेल, त्याहून जास्त नक्की नव्हता. मी त्याला काही तरी सांगत होतो, आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत शेजारची सीट रिकामी होती. ब्रेक दाबला तेव्हा तो आधीच खाली होता. हनुवटीला चार टाके, कोपर सोललं, आणि सीताफळ चाकाखाली. भाची एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला पाहिजे होतं.

त्यानंतर तीन गोष्टी ठरल्या. वळणावर ८. बारा वर्षांखालचं मूल मधल्या सीटवर, दोन मोठ्यांच्या मध्ये. आणि गाडीत बसलेल्याचा एक हात दांडीवर, मोबाईल खिशात.

आणखी एक गोष्ट नव्या चालकाने समजून घ्यावी. अशा बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. नाल्याच्या उतारावर जोरात ब्रेक मारला की मागचा भाग आडवा फिरतो. उतार लागण्याआधीच वेग कमी करा, आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून 'बॅटरी वाचवू' नका.

वेग आधी गाडीतच बांधा

पाटीने वेग कमी होत नाही. चार वर्षं पाटी लावून बघितली. पहिल्या पावसाळ्यात पंधराचा पाच उडाला आणि कोणीतरी खडूने त्याचे अठरा केले.

उपयोग होतो तो स्पीड लॉकचा. गोल्फ कार्टसारखी गाडी कारखान्यातून येते तेव्हा साधारण २० ते २५ पर्यंत धावते. तिच्या कंट्रोलरमध्ये कमाल वेग ठरवून ठेवता येतो. विकणाऱ्याचा मेकॅनिक येऊन अर्ध्या-एक तासात करून देतो. गाडी घेतानाच हे सांगा. नंतर बोलावलं तर येण्या-जाण्याचे पैसे द्यावे लागतात. आमची १५ वर बांधलीय आणि मागे घेताना ५ वर. मागे घेतानाचा बझर वाजलाच पाहिजे. तो कटकट करतो म्हणून एकाने वायर तोडली होती, तीही परत जोडली. मुळात गाडीला आवाज नसतो. पाठमोऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती आलेली कळत नाही, गाईला तर नाहीच.

स्कूटीला बहुतेक वेळा तीन पायऱ्यांचं बटण असतं. आवारात शिरताना ते एकवर. दोन-तीन दिवस आठवण करावी लागते, मग अंगठा आपोआप जातो.

रस्त्यालाही थोडं काम द्या

नव्या माणसाच्या डोक्यात पहिली कल्पना येते ती ब्रेकरची. आपल्याकडे ब्रेकर म्हणजे रात्री ट्रॉलीभर गिट्टी आणि उरलेलं डांबर घरासमोर ओतायचं आणि सकाळी म्हणायचं 'झालं'. असा उभट ढिगारा मोटारसायकलवाल्याला पाडतो, गरोदर बाईचे हाल करतो, आणि बॅटरीचा तळ त्यावर घासतो. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर स्वतःच्या मनाने ब्रेकर टाकायचा अधिकार कोणालाच नाही, समितीलाही नाही.

नीट ब्रेकर कसा असावा हे इंडियन रोड्स काँग्रेसने लिहून ठेवलंय: ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलावा. त्यावरून २५ च्या वेगाने गाडी आरामात जाते, जोरात आली तर हिसका बसतो. ४० मीटर आधी सूचनेची पाटी आणि त्यावर काळे-पांढरे पट्टे. म्हणजे बारा फूट लांबीचा सौम्य उंचवटा. आपले लोक तो बघून विचारतात, "हा ब्रेकर हाय का रस्ता खचला?"

आतल्या रस्त्यांवर आम्ही त्यापेक्षा स्वस्त उपाय केला. टाकीजवळच्या वळणावर दोन्ही बाजूंना जुने ड्रम पांढरे रंगवून, त्यात जास्वंद लावून ठेवले. रस्ता अरुंद दिसतो, पाय आपोआप अ‍ॅक्सिलेटरवरून निघतो. काळ्या मातीचा रस्ता पावसात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, त्यामुळे सिमेंटचं काही पक्कं बांधलं तर दोन वर्षांत तडकतं. ड्रम हलवता येतात. जास्वंद मात्र बकऱ्यांनी दोनदा खाल्ली.

वेग मोजायचा कसा

पोलिसांसारखी स्पीड गन घ्यायची गरज नाही. सरळ रस्त्यावर टेपने ५० मीटर मोजा. दोन्ही टोकांना फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, आडवी रेघ मारा. मोबाईलमधलं स्टॉपवॉच घ्या. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की सुरू, दुसरीवर आलं की बंद. मग १८० ला सेकंदांनी भागा; येतो तो ताशी किलोमीटरमधला वेग. १२ सेकंद म्हणजे १५. ९ सेकंद म्हणजे २०. ६ सेकंद म्हणजे ३०.

एकट्याने मोजू नका. तिरक्या नजरेने दूरची रेघ चुकते. दुसऱ्या रेघेवर एकाने उभं राहून हात खाली करायचा. आणि लपून मोजू नका. खुर्ची टाकून, दिसेल असं बसा. आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा सगळ्यांचा संशय दूधवाल्यावर होता. तो २२ ने गेला. सगळ्यात जोरात गेली ती मोटारसायकल, ४.४ सेकंद, म्हणजे ४१. ती आमच्याच खजिनदाराची निघाली. तो थांबला, आकडा ऐकला आणि म्हणाला, "स्टॉपवॉच नवं घ्या राजेहो."

कोण कोणाला काय म्हणू शकतं

समितीचे अधिकार मर्यादित आहेत हे आधी मान्य करा. प्लॉटधारकांची संस्था नोंदणीकृत असली तरी ती चालान फाडू शकत नाही, गाडी जप्त करू शकत नाही, रस्त्यावर कोणाची चावी काढून घेऊ शकत नाही. ती आपल्या सभासदांवर, सभेत मंजूर केलेल्या नियमांपुरतीच बोलू शकते. पांदण रस्त्यावरून जाणारा शेतकरी सभासद नाही, त्याला पावती देऊ नका. बाहेरच्या पाहुण्याचं उत्तर ज्याच्या घरी आला त्याने द्यायचं.

सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीर वेगमर्यादा हवी असेल तर ती राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी लावतो. कलम ११२ मध्ये तशी तरतूद आहे. आपण रंगवलेली पाटी तिथे विनंती आहे, हुकूम नाही. म्हणून विषय ग्रामसभेत न्या. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ले-आऊटवाले ग्रामसभेला जात नाहीत आणि मग म्हणतात गाव आपलं ऐकत नाही. ठराव झाला की त्याची प्रत रस्ता ज्याचा त्या विभागाकडे आणि पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

पोलीस रोज येणार नाहीत. ठाण्याच्या हद्दीत पन्नास गावं आणि एक जीप. पण कोणी वारंवार बेफाम चालवत असेल तर पोलीस पाटलाला सांगता येतं, आणि सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतकऱ्याशी किंवा शेजाऱ्याशी बोलाचाली झाली तर गावच्या तंटामुक्त समितीकडे जा. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून आहे, काही गावांत नुसती कमानीवर उरलीय, आमच्याकडे अजून चार वडीलधारे बसतात.

आवारातल्या आमच्या पायऱ्या सांगतो. पहिल्या वेळी घरी जाऊन, चहा पिऊन, आकडा सांगायचा. नेहमी दोघांनी जायचं, आणि जमलं तर त्यातली एक बाई असावी. आवाज चढत नाही. दुसऱ्या वेळी लेखी चिठ्ठी. तिसऱ्या वेळी त्या घराला समितीची बॅटरी पंधरा दिवस बंद. खासगी गाडी असेल तर कंट्रोलर परत १५ वर बांधून आणल्याशिवाय आतल्या चार्जिंग पॉइंटला लावू द्यायची नाही. पैशाचा दंड आम्ही एक वर्ष ठेवला होता. ज्याच्याकडे पैसे होते तो शंभराची नोट देऊन पुन्हा तसाच जायचा, आणि ज्याच्याकडे नव्हते तो बोलणं सोडून द्यायचा. काढून टाकला.

ग्रुपवर कोणाचा फोटो किंवा नाव टाकायचं नाही, हा नियम माझ्या आग्रहाने आलाय. पोराच्या चुकीचा फोटो तालुकाभर फिरतो, वेग तेवढाच राहतो.

ज्या दिवशी नियम बदलतात

उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सगळी वर्दळ सूर्य मावळल्यावर: पोरं, शतपावली, बाहेर टाकलेल्या बाजा. वीज गेली की वरून अंधार. म्हणून मार्च ते जून संध्याकाळी सात ते दहा आतल्या रस्त्यांवर मर्यादा १०, आणि दिवा चालू.

पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी माती टायरला चिकटून मागून रस्त्यावर येते, आणि डांबरावर ओली काळी माती म्हणजे साबण. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर पुढच्या पन्नास पावलांत दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून बघा, ओले ब्रेक धरत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी ट्रॉल्या भरून येतात, मागचा दिवा कापसाने झाकलेला. त्यांच्या मागे बॅटरी लावू नका, थांबा.

गुरं परत येण्याची वेळ साधारण सहाची. तेव्हा बॅटरी बाजूला उभी, बझर बंद. गुराख्याने हात केला की निघायचं.

पोळ्याच्या दिवशी पांदण रस्ता बैलांचा. आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आतले रस्ते पोरांचे. लाकडी बैल ओढत, सजून, घरोघरी बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागत फिरतात. त्यांची नजर बैलाच्या शिंगावर असते, रस्त्यावर नाही. त्या दिवशी दुपारी चारनंतर कुठलीच चाकांची गाडी आत फिरत नाही, लाकडी बैलाची सोडून.

काही झालंच तर

गाडी थांबवा, चावी काढा. पडलेल्या माणसाला ओढून उठवू नका, विशेषतः मान दुखते म्हणाला तर. १०८ ला फोन करून खूण सांगताना ले-आऊटचं नाव सांगू नका, चालकाला ते माहीत नसतं. फाटा आणि पाण्याची टाकी सांगा, आणि एकाला फाट्यावर उभं करा. पोलिसांसाठी ११२. सार्वजनिक रस्त्यावर झालं असेल आणि माणूस जखमी असेल तर कळवणं टाळता येत नाही, 'आपसात मिटवू' म्हणणारे सल्लागार जमतील तरी. चौकीदाराच्या वहीत वेळ, चालक, वेग माहीत असेल तर तो, असं त्याच दिवशी लिहा.

नव्या घराच्या माणसाने बॅटरी चालवायला घेण्याआधी माझ्यासोबत एक फेरी मारायची आहे: गेट, टाकी, नाला, मागची रांग, परत. रविवारी सकाळी सात वाजता, ऊन व्हायच्या आत. लायसन्स असेल त्यालाच चावी मिळते, आतल्या रस्त्यावर कायद्याने लागत नसलं तरी. चावी चौकीदार काकांकडे असते, वहीत नाव आणि वेळ लिहून न्यायची. वहीचा पेन सुतळीने बांधलाय, तो घेऊन जाऊ नका, हा चौथा आहे.